सरळ पडदा म्हणजे कोणता?

फोन किंचित कलंडला आणि पडद्यावरचे पान फिरले, की आपण त्यास बिघाड म्हणतो. मग कोणीतरी जाणता सांगतो, ‘उभा ठेव आणि लॉक करून टाक.’ सल्ला सोयीचा आहे. परंतु साहित्याच्या वाचकासाठी तो पुरेसा नाही, असे आमचे मत आहे. पडदा कोणत्या बाजूने ‘सरळ’ आहे, हे यंत्राने नव्हे, तर समोरच्या संहितेने ठरवावयाचे असते.

आपल्या परंपरेत पान मुळात आडवेच होते. हस्तलिखित पोथीची सुटी पाने रुंदीला अधिक, उंचीला कमी; आणि ती खालून वर उलटावयाची. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर छापलेल्या अनेक धार्मिक ग्रंथांनीही हाच आकार राखला. उभे, बांधीव पुस्तक पुढे रुळले. बुलढाणा जिल्ह्याच्या बोलण्यात मात्र जुन्या पानाची आठवण अद्याप टिकून आहे. शेगावच्या गजानन महाराजांचे चरित्र सांगणारा दासगणूंचा ‘श्रीगजाननविजय’ हा 21 अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ बांधीव पुस्तकरूपात हाती आला, तरी पारायणाला बसणारी माणसे त्यास ‘पोथी’च म्हणतात.

आता हीच पोथी फोनवर वाचली जाते, तेव्हा काय होते ते पाहावे. ओवी चार चरणांची. छापताना ती बहुधा दोन ओळींत बसवतात. उभ्या पडद्यावर अक्षर जरा मोठे केले, की ती ओळ मावत नाही. यंत्र जागा संपेल तिथे तिचे दोन तुकडे करते. पहिल्या तीन चरणांना बांधणारे यमक मग कुठेतरी मध्येच हरवते आणि चरण कोठे संपला हे डोळ्यांना कळेनासे होते. फोन आडवा धरला, की ओवी पुन्हा जुळून येते. याउलट त्याच जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचा ‘शीळ’ (1954) हा संग्रह घ्या. भावगीताच्या आटोपशीर ओळींना उभा पडदा पुरतो, आणि कडव्यांमधली मोकळी जागाही शाबूत राहते. म्हणजे एकाच वाचकाला दोन कवींसाठी पडदा दोन प्रकारे धरावा लागतो. कायमचे कुलूप येथे उपयोगाचे नाही. किल्ली हाती हवी.

ती किल्ली अवघड नाही. फोनमधील त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. वाचकाचे डोळे कोणत्या दिशेला आहेत, हे त्याला ठाऊक नसते. म्हणूनच कुशीवर पडून वाचताना पान भलतीकडे वळते. अँड्रॉइड फोनवर वरून खाली बोट ओढले, की उघडणाऱ्या चौकटीत ‘ऑटो रोटेट’ असते. ते बंद केले, तरी अलीकडच्या बहुतेक फोनवर यंत्र आडवे धरताच कोपऱ्यात एक लहान चिन्ह उमटते. त्यावर बोट टेकवले तरच पान फिरते. आम्हांला हीच रीत सर्वांत योग्य वाटते, कारण तीत निर्णय वाचकाचा राहतो. विंडोजच्या संगणकावर पडदा उलटा किंवा आडवा झाल्यास सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’, मग ‘डिस्प्ले’ आणि तेथील ‘डिस्प्ले ओरिएंटेशन’मध्ये ‘लँडस्केप’ निवडावे. काही जुन्या संगणकांवर कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण या कळा एकत्र दाबल्यानेही काम होते. त्याच कळांसोबत चुकून दुसरा बाण दाबला गेल्यामुळेच पुष्कळदा पडदा फिरलेला असतो.

याहून गंभीर बाब स्कॅन केलेल्या ग्रंथांची. रुंद पोथी उभ्या चौकटीत बसवून तिची प्रतिमा घेतली, की पीडीएफमध्ये अक्षरे आडवी होऊन येतात. अशा वेळी फोन फिरवून भागत नाही. ‘ऑटो रोटेट’ चालू असेल, तर पानही पुन्हा त्याच बाजूला वळते. आधी पडदा स्थिर करून मग फोन फिरवावा, किंवा वाचनप्रणालीतील ‘रोटेट’ने पानच फिरवावे. यांतील बऱ्याच प्रणालींत हे फिरवणे केवळ पाहण्यापुरते असते. बदल जतन केला नाही, तर दुसऱ्या दिवशी पान पुन्हा आडवे.

हे सारे क्षुल्लक वाटेल. परंतु चिखली, मलकापूर, लोणार अशा गावांतून शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्याजवळ मोठे ग्रंथालय नाही आणि संगणकही नाही, त्याचे ग्रंथालय म्हणजे हातातला फोन. मान वाकडी करून तो दोन पाने वाचतो आणि तिसऱ्याला ग्रंथ मिटतो. आपण मात्र निष्कर्ष काढतो, की नव्या पिढीस जुन्या वाङ्मयाची गोडी नाही. गोडीचा प्रश्न पुढचा. आधी अक्षर सरळ दिसले पाहिजे.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना आमची सूचना आहे. ओवी आणि अभंग शिकवण्याच्या पहिल्या तासाला पाच मिनिटे काढावीत, आणि पडदा कसा फिरवावा, कसा थांबवावा हे मराठीतून, वर्गातच करून दाखवावे. हे काम संगणक विभागाचे, असे म्हणून टाळू नये. ओळ कुठे तुटते हा प्रश्न छंदशास्त्राचा आहे. म्हणजे तो आपलाच आहे.