मायलेज विचारायचं नाही?

गेल्या दिवाळीत मी मोटरसायकल घेतली. इटालियन. एप्रिलियाची ट्युओनो ४५७. वय सेहेचाळीस, पेशा शिक्षकाचा, कर्ज शिक्षक पतसंस्थेचं. या तिन्ही गोष्टींवर स्टाफरूममध्ये आणि मोहल्ल्यात यथेच्छ बोलून झालं आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लोकांना बोलायला विषय लागतो आणि मी तो स्वखर्चानं दिला. तक्रार वेगळ्याच माणसांबद्दल आहे.

गाडी आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी हायवेवरच्या एका धाब्यावर मोठ्या गाड्यावाल्यांची चहाची बैठक होती. मलाही बोलावणं होतं. गाड्या एका रांगेत, हेल्मेटं टेबलावर, अंगात महागडी जॅकेटं. मी नवा माणूस, म्हणून जे मनात होतं ते विचारलं, "ही लिटरला किती देते साधारण?" समोरच्या गृहस्थांनी कप खाली ठेवला आणि बाकीच्यांकडे बघत म्हणाले, "सर, मायलेज विचारणाऱ्यानं ही गाडी घ्यायचीच नसते." सगळे हसले. मीही हसलो, कारण अशा वेळी हसावंच लागतं.

मग मी गप्प बसलो आणि त्या दोन तासांत काय काय बोललं जातं ते ऐकलं. ताशी किती वेग गाठला, एक्झॉस्ट कुठून मागवला, कुणाची गाडी किती लाखांची. टायरमध्ये हवा किती ठेवायची, चेनला तेल कधी द्यायचं, पावसाळ्यात गाडी कुठं उभी करायची, यातला एक शब्द नाही. बावीस वर्षं मुलांसमोर उभा राहिल्यामुळे मला एक गोष्ट कळते. ज्या वर्गात कुणीच प्रश्न विचारत नाही, तिथं सगळ्यांना सगळं येतं असं नसतं. तिथं कुणीतरी पहिल्या प्रश्नाची टर उडवलेली असते.

आमच्या उर्दूत 'साइल' असा एक शब्द आहे. विचारणारा तोही साइल, आणि दारात हात पसरणारा तोही साइलच. भाषेनं दोन्ही अर्थ एका शब्दात ठेवले. आपल्या समाजानं त्यातला दुसराच तेवढा लक्षात ठेवला आहे. प्रश्न विचारणारा म्हणजे कमी पडलेला, मागायला आलेला. बी.एड.ला असताना सूक्ष्म अध्यापनात आम्ही प्रश्नकौशल्याचे पाठ घेतले होते. शिक्षकानं प्रश्न कसे विचारावेत, किती थांबावं, पुढचा प्रश्न कसा जोडावा, सगळं शिकवलं. विद्यार्थ्यानं प्रश्न विचारला तर तो कसा घ्यावा, याचा एकही पाठ घेतल्याचं मला आठवत नाही.

आता मायलेजचंच घ्या. हा कंजूष माणसाचा प्रश्न आहे असं समजणाऱ्यांनी हिशेब करून बघावा. माझ्या गाडीची टाकी पावणेतेरा लिटरला थोडी कमी. वहीत मी प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल आणि किलोमीटर लिहितो. माझ्या हातात ती लिटरला पंचवीसच्या आसपास देते. म्हणजे टाकी भरली की तीनशेच्या थोडं पुढं. राखीव धरून अडीचशेला पंप शोधायला लागायचं. रात्री दहाला आडरस्त्यावर, पुढचा पंप बंद असेल तर काय, हे त्या आकड्यावरून ठरतं. शिवाय आकडा एकदम घसरला तर तीच पहिली सूचना असते: हवा कमी झाली, ब्रेक घासतोय, चेन कोरडी पडली किंवा एअर फिल्टर धुळीनं भरला. ताप मोजणाऱ्या आईला आपण कंजूष म्हणत नाही.

दुसरा युक्तिवाद नेहमी ठरलेला: सगळं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, वाचत जा. मी वाचली. दोन्ही भाषा शिकवणारा माणूस आहे, वाचणं हेच माझं काम. मोटरसायकलींच्या पुस्तिकांत एक वाक्य हमखास असतं की धूळ, पाऊस, कमी अंतराच्या फेऱ्या अशा अवघड परिस्थितीत वापर असेल तर देखभाल लवकर करा. नवा मालक ते वाक्य वाचतो आणि त्याला वाटतं, हे वाळवंटात जाणाऱ्यांसाठी आहे. अहो, आपलं रोजचं आयुष्यच ती अवघड परिस्थिती आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात घर ते शाळा चार किलोमीटर, म्हणजे इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. जूनमध्ये काळी माती चाकाला आणि मडगार्डच्या आत अशी बसते की काडीनं उकरावी लागते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागून गेलं की रेडिएटरच्या जाळीत पाचट. हे पुस्तिकेत कसं असेल? ते शेजाऱ्याला विचारूनच कळायचं, आणि शेजारी म्हणतो पुस्तिका वाच.

तिसरा सल्ला, "वर्कशॉपला न्या, आपण हात लावू नका." यात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. व्हॉल्व्हची फट मोजणं, एबीएसच्या ब्रेकमधली हवा काढणं, संगणक जोडून दोष वाचणं, ही कामं माझी नाहीत. पण मी सर्व्हिस पुण्याला करतो. चेनला तेल द्यायला मी पुण्याला जाऊ? कुठला प्रश्न आपला आणि कुठला कारागिराचा, हे तरी कुणीतरी सांगायला हवं ना. आणि तेही विचारल्याशिवाय कसं कळणार?

लोकांना वाटतं हा मानापमानाचा विषय आहे. तसा असता तर मी हा लेख लिहिलाच नसता.

आमच्या गावातल्या एका मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून गेली आहेत. माझ्या शाळेचा नाही, पण ओळखीचा. जुनी स्पोर्ट्स बाईक घेतली होती. मागचं चाक स्टँडवर उचललं, इंजिन चालू, पहिला गिअर टाकला म्हणजे चाक आपोआप फिरेल, आणि फडक्यानं चेन पुसायला घेतली. फडकं चेनमध्ये गेलं, फडक्याबरोबर बोटं स्प्रॉकेटमध्ये. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्याला विचारलं, कुणाला विचारलं नाहीस का रे? म्हणाला, "सर, एकदा विचारलं होतं चेन किती दिवसांनी धुवायची. सगळे हसले, म्हणे चेन धुवायची नसते, गाडी पळवायची असते." त्यानंतर त्यानं कुणाला काही विचारलं नाही.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मी इथं लिहितो. इंजिन बंद. किल्ली खिशात, गाडीला नव्हे. गिअर न्यूट्रलला. या गाड्यांना मधला स्टँड नसतो. पॅडॉक स्टँड असेल तर मागचं चाक हातानं फिरवा, नसेल तर गाडी फूटभर पुढं ढकला, तेवढा तुकडा पुसा, पुन्हा ढकला. वेळ लागतो, लागू द्या. चेनच्या कड्यांत रबराची बारीक सील असतात आणि आतलं वंगण तीच धरून ठेवतात, म्हणून तारेचा ब्रश नको, पेट्रोल नको; मऊ ब्रश आणि चेन क्लीनर, नाहीतर थोडं रॉकेल, मिळालं तर. पुसून कोरडी करा, मग आतल्या बाजूनं चेन ल्यूब द्या आणि रात्रभर तशीच ठेवा. फेरी मारून आल्यावर चेन कोमट असताना केलं तर तेल चांगलं मुरतं. मी साधारण पाचशे किलोमीटरला करतो आणि भिजून आलो की त्याच दिवशी. आणि चेन घट्ट म्हणजे चांगली, हा गैरसमज सोडा. किती ढिली ठेवायची ते पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. त्याहून ताणली की माणूस बसल्यावर ती आणखी ताणते आणि बेअरिंग खाते.

पुढच्या ब्रेकचंही तसंच. "पुढचा दाबू नको, पडशील" हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी कुणाला तरी सांगितलेलं आहे. मलाही वडिलांनी सांगितलं. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचं चाकच करतं. फक्त मागचा दाबणारा माणूस लांब जाऊन थांबतो आणि मध्ये जे असेल त्यावर आदळतो. सरळ, कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक, पुढचा हळूहळू वाढवत दाबायचा. वाळूवर आणि वळणात वाकलेलं असताना झटका द्यायचा नाही. मोकळ्या मैदानात चाळीसच्या वेगानं वीस वेळा सराव केला की हाताला कळतं. हे मला त्या बैठकीत कुणी सांगितलं नाही. आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं, हे आधी कबूल करावं लागलं असतं.

खरं सांगायचं तर इटालियन गाडी आपल्याला नवी नाही. व्हेस्पा १९४६ साली इटलीत आली आणि पुढं पियाजिओच्या परवान्यावर बजाजनं ती इथं बनवली. परवाना संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली, आणि साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया. आमच्या घरी प्रिया होती. सकाळी सुरू झाली नाही की वडील ती एका बाजूला आडवी करत, पुन्हा उभी करून किक मारत. प्लग काढून काळा झाला असेल तर पॉलिश पेपरनं घासत. पेट्रोलमध्ये टू-टी तेल किती घालायचं हे गल्लीतल्या शिंप्यालाही माहीत होतं. का? कारण कुणीही कुणालाही विचारायचं आणि विचारलेला हातातलं काम टाकून यायचा. प्रिया घेणाऱ्याला किंमत आणि मायलेज विचारलं म्हणून कुणी नालायक ठरवलं नव्हतं. तेव्हाही ते तंत्र इटलीचंच होतं.

आणि आता तर गंमत अशी की माझी ही 'इटालियन' बारामतीत बनली आहे. एप्रिलिया कंपनी मूळची व्हेनिसजवळच्या नोआलेची, २००४ पासून पियाजिओकडे; पण ४५७ च्या गाड्या पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यात तयार होतात. तिचे नटबोल्ट आवळणारी माणसं जेवणाच्या सुट्टीत मराठीत बोलत असणार. तिथून माझं घर शंभरेक किलोमीटर. त्या धाब्यावर मात्र तिच्याबद्दल असं बोलणं चालतं की जणू ती बोटीतून उतरलेली राजकन्या आहे आणि तिला हात लावायला व्हिसा लागतो.

मला उत्तरं शेवटी कुठं मिळाली? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे. दहावीला मराठीत माझ्याकडून कसाबसा पास झालेला. स्टँडमागे त्याचं गॅरेज आहे. तिथली पोरं त्याला 'उस्ताद' म्हणतात आणि तो मला 'सर' म्हणतो, अर्थ एकच. त्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं, "सर, या गाडीचं इंजिन मी उघडणार नाही, मला तिचं तेवढं माहीत नाही. बाकी विचारा." धाब्यावरच्या दोन तासांत असं वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. मग त्यानं दाखवलं की हवा सकाळी टायर थंड असताना बघायची, पंपावरच्या मीटरवर विसंबायचं नाही, स्वतःचा गेज ठेवायचा. प्रेशर वॉशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर आणि रेडिएटरवर जवळून मारू द्यायचा नाही. मे महिन्यात गावाला गेलो तर बॅटरीला मेंटेनर लावून जायचं. सिग्नलला पंखा घुं करून सुरू झाला आणि मांडीला गरम वाऱ्याचा झोत लागला, तेव्हा मी घाबरून त्याला फोन केला होता. तो हसला, पण माझ्यावर नव्हे. म्हणाला, "सर, पंखा चालू आहे म्हणजे गाडी ठीक आहे. काटा वर चढला आणि पंखा गप्प बसला, तेव्हा फोन करा."

सगळ्यात चांगला प्रश्न मात्र आमच्या घरातून आला. बायकोनं गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाली, "अहो, मेथीची जुडी कुठं अडकवायची हिला? आणि मी बसले तर ओढणी कुठं जाईल?" ओढणीचा प्रश्न त्या सगळ्या बैठकीतल्या गप्पांपेक्षा मोठा आहे. सारी गार्ड लावलेलं असलं तरी ओढणी मागं सोडून बसायचं नाही. दोन्ही टोकं पुढं घेऊन गाठ मारायची, वरून जॅकेटची चेन लावायची, आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं. पहिल्या दिवशी तिला लाज वाटली. आता ती मला सांगते, पुढचा ब्रेक जरा हळू.

मेथी तिच्या पाठीवरच्या पिशवीत येते. येत्या रविवारी पुन्हा ती चहाची बैठक आहे. मी जाणार आहे, आणि विचारणार आहे की पावसात भिजलेले ग्लोव्हज आतून वाळवायचे कसे, कारण मला ते अजून जमलेलं नाही.