त्रिमूर्ती नव्हे, महेशमूर्ती

अल्लीपूरसारख्या गावाहून मुंबई पाहावयास गेलेली मंडळी घारापुरीची ‘त्रिमूर्ती’ डोळे भरून पाहतात. हे ब्रह्मा, विष्णू, महेश, असे सांगण्याचा प्रघात! वस्तुतः तो एकटा सदाशिव. पाच मुखांपैकी समोर तीनच कोरलेली, म्हणून ही गफलत. एकीकडे मिशाळ, सर्पधारी अघोर. मध्ये शांत तत्पुरुष. दुसरीकडे हाती कमळ घेतलेला वामदेव. गोपीनाथ रावांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ही महेशमूर्ती असल्याचे दाखविले.

याच बेटावरचा दगडी हत्ती १८६४ साली इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. त्याचे तुकडे १९१४ मध्ये सांधले गेले. आज तो भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हत्ती सांधला, पण देवाचे नाव अद्याप दुभंगलेलेच! निदान आपल्या घरातील मुलांना तरी ते नीट सांगावे.