ठिपक्याखालची जमीन

थोड्याशा रक्तात शंभरावर पदार्थांची अ‍ॅलर्जी तपासून देणारे अहवाल आता लहान गावांतूनही सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात येऊ लागले आहेत. पानोपानी लाल-पिवळ्या पट्ट्या आणि शेवटी टाळायच्या पदार्थांची यादी. दूध, अंडे, गहू, तूरडाळ यांवर काट मारली गेली की आईचा प्रश्न एकच असतो, मुलाला खायला द्यायचे तरी काय? त्याआधीचा एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. हा अहवाल ज्या काचेवर तयार झाला, त्या काचेवर अस्तर कसले होते?

यातल्या बऱ्याच तपासण्या प्रोटीन मायक्रोअ‍ॅरे या तंत्रावर चालतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो तेवढ्याच काचपट्टीवर यंत्र शेकडो ठिपके उमटवते. प्रत्येक ठिपका एका प्रथिनाचा किंवा त्याच्या छोट्या तुकड्याचा, म्हणजे पेप्टाइडचा असतो. त्यावर रुग्णाचे सीरम सोडले की त्यातील प्रतिपिंडे आपापल्या ठिपक्याला धरतात. मग चमकणारे रंगद्रव्य लावून ती चमक मोजली जाते. अ‍ॅलर्जीच्या एका प्रचलित चिपवर अवघ्या ३० मायक्रोलिटर सीरममध्ये ११२ घटक तपासता येतात. तंत्र खरोखर उपयोगी आहे, विशेषतः लहान मुलांचे रक्त थोडेच घेता येते तेव्हा.

ठिपक्यांची रांगोळी काढण्याआधी अंगण सारवावे लागते. काचेचेही तसेच आहे. नुसत्या काचेवर प्रथिन नीट धरत नाही, धुताना निघून जाते. म्हणून आधी रसायनाचे अस्तर चढवतात. अल्डिहाइड किंवा इपॉक्सीचे अस्तर प्रथिनाला रासायनिक बंधाने पकडते. नायट्रोसेल्युलोजचे अस्तर सच्छिद्र असते. त्यात प्रथिन जास्त मावते, पण ते स्वतःही थोडे चमकते आणि क्षीण खूण त्यात हरवू शकते. जेलचे अस्तर ओलावा धरून प्रथिनाची घडी टिकवायला मदत करते.

ही घडीच महत्त्वाची. पाण्यापासून दूर राहणारा भाग प्रथिनाने आत दुमडून घेतलेला असतो. अस्तरही पाणी झिडकारणारे असेल, तर तो भाग बाहेर येऊन अस्तराला चिकटतो, घडी उलगडते आणि प्रतिपिंडाने ओळखायची जागा नाहीशी होते. मग रक्तात प्रतिपिंड असूनही ठिपका कोरा राहतो. उलट, अस्तराची उरलेली जागा नीट झाकली नाही, तर भलतीच प्रतिपिंडे तिथे चिकटतात आणि नसलेली अ‍ॅलर्जी कागदावर उमटते.

पेप्टाइडची अडचण आणखी वेगळी. २००० साली हार्वर्ड विद्यापीठातील गेव्हिन मॅकबीथ आणि स्टुअर्ट श्रायबर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एका काचपट्टीवरील दहा हजारांहून अधिक ठिपक्यांचा प्रयोग मांडला. त्यात वेगळ्या प्रथिनाचा एकच ठिपका होता आणि तो अचूक ओळखला गेला. मोकळी जागा झाकायला त्यांनी गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन वापरले होते. पण पेप्टाइडसारखे छोटे रेणू त्याच अल्ब्युमिनखाली दडून जातात. म्हणून अशा रेणूंसाठी त्यांनी क्रम उलटा केला. आधी काचेवर अल्ब्युमिनचा थर बसवला आणि छोटे रेणू त्या थरावर जोडले.

प्रयोगशाळेत जमलेली ही गोष्ट वाटेत बिघडूही शकते. काही क्रियाशील अस्तरे हवेतल्या ओलाव्याने निकामी होतात आणि उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते. रत्नागिरीचा जुलै आणि चंद्रपूरचा मे यांतून प्रवास करणाऱ्या संचाची परीक्षा म्हणूनच इथेच व्हायला हवी. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार निदान संचांना परवाना लागतो, हे चांगलेच आहे. पण परवाना मिळाला म्हणून आपल्या हवेत आणि आपल्या रुग्णांच्या रक्तावर संच कसा चालतो, याची पडताळणी टाळता येत नाही.

अस्तर उत्तम असले तरी एक प्रश्न उरतोच : त्या प्रतिपिंडाचा अर्थ काय? अन्नाच्या अ‍ॅलर्जीत महत्त्व असते ‘आयजीई’ प्रतिपिंडाला. बाजारातल्या ‘फूड इनटॉलरन्स’ तपासण्या बहुधा ‘आयजीजी’ मोजतात. ते आपण खाल्लेल्या अन्नाविरुद्ध निरोगी शरीरातही तयार होते. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच या तपासण्या निदानासाठी वापरू नयेत असे सांगितले आहे. प्रतिपिंड आहे म्हणजे आजार आहे, या समजाची किंमत आपण क्षयरोगात मोजली आहे. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्या वर्षानुवर्षे चालल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले आणि २०१२ च्या जूनमध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली.

तशी वेळ पुन्हा येऊ नये यासाठी थोडेच करायचे आहे. सरकारी खरेदी समित्यांनी किंमत पाहण्याआधी स्थानिक पडताळणीचे आकडे आणि साठवणुकीच्या अटी मागाव्यात. प्रयोगशाळांनी अहवालात कोणते प्रतिपिंड मोजले ते ठळक लिहावे, आणि कोरे व नियंत्रण ठिपके बरोबर आले की नाही तेही नोंदवावे. ही माहिती त्यांच्याकडे असतेच, ती फक्त छापायची आहे.

पालकांनी अशा अहवालात आधी ‘आयजीई’ लिहिले आहे की ‘आयजीजी’ ते पाहावे. काही खाल्ल्यावर मुलाच्या अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. पण काहीच त्रास नसताना केवळ लाल पट्टी पाहून वाढत्या मुलाच्या ताटातले दूध आणि डाळ काढू नये.