चालताना पोटरी दुखते? पायाची नाडी तपासून घ्या

सकाळी फिरायला निघता. थोडं अंतर गेलात की पोटरीत कळ येते, पाय भरून येतो. थांबावंच लागतं. पाच-दहा मिनिटं उभं राहिलं की कळ जाते. पुन्हा चालायला लागलात की साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. चढ असेल तर आणखी लवकर.

असं होत असेल तर ‘वय झालं’, ‘वात असेल’ म्हणून अंगावर काढू नका. पायाला रक्त कमी पडत असल्याची ही खूण असू शकते.

पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांमध्ये आतून चरबीचा थर साचतो. वाट अरुंद होते. बसल्या जागी तेवढं रक्त पुरतं. चालताना स्नायूंना जास्त लागतं, तेव्हा ते कमी पडतं. म्हणून कळ येते. ती मांडीत किंवा कुल्ल्यातही येऊ शकते.

गुडघ्याची झीज असेल तर दुखणं बहुधा सांध्यात असतं. उठताना आणि जिना उतरताना ते जास्त जाणवतं. कमरेची नस दबली असेल तर नुसतं थांबून भागत नाही. बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. तुमचं दुखणं कसं येतं आणि कशानं थांबतं, हे डॉक्टरांना नीट सांगा.

मधुमेह, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल असलेल्यांनी जास्त जपावं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच. ओढणाऱ्यांना पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास चाळिशीच्या आतही होऊ शकतो.

आता काय करायचं ते सांगतो.

पहिलं, कळ कुठे येते आणि किती चालल्यावर येते, ते लिहून ठेवा. ‘देवळापर्यंत जाता येतं, पुढे नाही’ एवढं सांगितलंत तरी डॉक्टरांना उपयोग होतो.

दुसरं, दवाखान्यात चप्पल-मोजे काढून पाय दाखवा. डॉक्टर पावलावर आणि घोट्यामागे बोटं ठेवून नाडी पाहतात. मग दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून तुलना करतात. ही तपासणी सोपी आहे, सुई टोचावी लागत नाही. घोट्याचा दाब दंडाच्या दाबाच्या 0.9 पट किंवा त्याहून कमी निघाला, तर धमनी अरुंद झाल्याचं समजतात. मधुमेहात धमन्या कडक होतात आणि हा आकडा फसवू शकतो. तेव्हा डॉक्टर पायाच्या अंगठ्याचा दाब किंवा डॉपलर तपासणी सांगतात.

तिसरं, तंबाखू सोडा. बिडी, सिगारेट, मशेरी, सगळंच. एकट्यानं जमत नसेल तर डॉक्टरांची मदत घ्या.

चौथं, चालणं बंद करू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की कळ येईपर्यंत चाला, थांबा, कळ गेली की पुन्हा चाला. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान 3 दिवस, 3 महिने करा. बऱ्याच जणांचं अंतर वाढतं. दिलेल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका.

पाचवं, पाय जपा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा. अनवाणी फिरू नका. गरम पाण्याच्या पिशवीनं पाय शेकू नका. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. शिरा फुगल्यावर घालायचे घट्ट मोजे तपासणीआधी स्वतःच्या मनानं घालू नका.

रात्री झोपेत पाऊल ठणकत असेल आणि पाय पलंगाखाली सोडल्यावर बरं वाटत असेल, बोट काळं पडत असेल किंवा जखम भरत नसेल, तर लगेच दाखवा. पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडून खूप दुखू लागला, तर चोळत बसू नका. तडक मोठ्या रुग्णालयात जा. अशा वेळी काही तासांच्या उशिरानंही पाय गमावण्याची वेळ येते.

आणखी एक. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील, तर हृदयाच्या आणि मेंदूच्याही झालेल्या असू शकतात. पायाचं दुखणं वेळेवर दाखवलंत, तर हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टाळण्याचे उपायही वेळेवर सुरू होतात. म्हणून पुढच्या वेळी रक्तदाब किंवा साखर तपासायला जाल, तेव्हा डॉक्टरांना एवढंच म्हणा, ‘जरा पायाची नाडीही बघता का?’