शनिवारची रेल्वे



परदेशात नोकरीसाठी गेलेल्या माणसाला शनिवार-रविवार खायला उठतात, असं मी मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "मग तुम्ही काय करायचात?" उत्तर जरा विचित्र वाटेल. मी रेल्वेचे रूळ दुरुस्त करायचो.

कंपनीच्या प्रोजेक्टवर मी तीन वर्षं कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला होतो. त्या शहराचा नाइल्स हा जुना भाग. तिथून सुनोलपर्यंत दरीतून एक छोटी रेल्वे धावते, नाइल्स कॅन्यन रेल्वे. अमेरिकेचे दोन किनारे जोडणाऱ्या पहिल्या रेल्वेमार्गाचा हा एक तुकडा. १८६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडे जाणाऱ्या गाड्या याच दरीतून गेल्या. १९८४ मध्ये कंपनीने मार्ग बंद केला आणि रूळसुद्धा उखडून नेले. मग रेल्वेवेड्या लोकांच्या एका संस्थेने त्या मोकळ्या पट्ट्यावर स्वतःच्या हातांनी पुन्हा रूळ टाकले आणि १९८८ मध्ये गाडी सुरू केली. आज ते चालतं-फिरतं संग्रहालय आहे. इंजिन चालवणारे, तिकीट तपासणारे, डबे रंगवणारे, सगळे स्वयंसेवक.

मी पहिल्यांदा गेलो तो प्रवासी म्हणून. उतरताना सहज विचारलं, "मला रेल्वेतलं काही येत नाही, तरी चालेल का?" तिकीट खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "झुडपं कापता येतात ना?"

पुढच्या शनिवारी डोक्यावर हेल्मेट, पायात पोलादी टोकाचे बूट घालून मी हजर. आमच्या टोळीत एक निवृत्त शिक्षक, एक नर्स, कॉलेजचा एक मुलगा आणि मी. कुजलेला लाकडी स्लीपर काढायचा म्हणजे आधी खिळे उपसायचे, बाजूची खडी उकरायची, तो ओढून काढायचा, नवा सरकवायचा, खिळे ठोकायचे आणि खडी पुन्हा घट्ट ठासायची. शेवटी दोन रुळांमधलं अंतर मोजायचं, १४३५ मिलिमीटर. सोमवारी ऑफिसात माझ्या हाताला माउस धरवेना.

तिथे सगळ्यात आधी शिकवला तो निळ्या झेंड्याचा नियम. डब्याखाली माणूस काम करत असेल तर डब्याला निळा झेंडा लावायचा. तो असेपर्यंत डबा हलवायचा नाही, त्याला इंजिन जोडायचं नाही. आणि झेंडा ज्यांनी लावला त्यांनीच काढायचा, दुसऱ्या कुणी नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्याच्या कोडमध्ये बिनधास्त हात घालणाऱ्यांना हा नियम पाठ करायला लावावा असं माझं मत आहे!

वर्षाचा मोठा कार्यक्रम म्हणजे नाताळच्या आधीची दिव्यांची गाडी. नोव्हेंबर लागला की सगळे आपापली कामं सोडून डब्यांवर माळा लावायला येतात. मी शिडीवर उभा राहून वायरी बांधल्या. संध्याकाळी ती गाडी काळोख्या दरीतून निघते आणि आईबापांच्या मांडीवरची मुलं खिडकीला नाक लावून बसतात. त्या तिकिटांचे पैसे पुढे रुळांच्या आणि डब्यांच्या कामी येतात. म्हणजे डिसेंबरात ज्यांनी दिवे पाहिले, त्यांच्याच पैशातून आम्ही मार्चमध्ये स्लीपर बदलायचो.

आता मूळ गोष्ट. डब्यांच्या यार्डात सत्तरी उलटलेले एक गृहस्थ होते. एकदा त्यांनी जुन्या डब्याच्या चाकाजवळची पेटी उघडून दाखवली. आसाचं टोक पितळी बेअरिंगखाली फिरतं आणि खालच्या तेलात भिजवलेल्या सुताच्या बोळ्यामुळे त्याला वंगण मिळत राहतं. बोळा सुकला की आस तापतो, पेटीतून धूर निघतो. हे सांगून त्यांनी मला विचारलं, "तुमच्या गावची रेल्वे कशी होती?"

मी जोरात सुरू झालो. आमचं गाव बडोदा. खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई-मियागाम नॅरोगेज सुरू केली. सुरुवातीचे रूळ इतके हलके की इंजिनं पेलेनात, म्हणून गाडी बैल ओढायचे. पुढे १८७३ मध्ये भक्कम रूळ टाकून वाफेची इंजिनं आली. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. माझे आजोबा प्रतापनगरच्या कारखान्यात होते.

"आजोबा काय करायचे?"

"फिटर होते."

"म्हणजे नक्की काय करायचे?"

मला सांगता आलं नाही. आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. शाळेत असताना 'माझे आजोबा' या निबंधात मी लिहिलं होतं, आजोबा रेल्वेत मोठे साहेब होते. वर्गातल्या एकाचे आजोबा खरंच साहेब होते, म्हणून. निबंधाला शाबासकी मिळाली, बाबांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला, आजोबांनीही ऐकला. ते काही बोलले नाहीत. घरात पुढे कुणी त्यांच्या कामाचा विषयच काढला नाही.

त्या रात्री, म्हणजे बडोद्यातल्या सकाळी, मी दांडिया बाजारातल्या घरी फोन लावला. आजोबा तेव्हा ८४ वर्षांचे. तब्येत वगैरे विचारून झाल्यावर म्हटलं, "आजोबा, आस तापलाय हे तुम्ही कसं ओळखायचात?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "हाताची पाठ लावायची. तळवा नाही. तळवा भाजला तर पाना कसा धरशील?"

त्या दिवशी ते ४० मिनिटं बोलले. चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचा; चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं फुटक्या मडक्यासारखं. घरी आल्यावर आजी मागच्या दारीच हात धुवायला लावायची, तरी नखांतलं काळं जायचं नाही. मी पुढच्या फोनपासून रेकॉर्ड करायला लागलो आणि यार्डात ऐकलेले प्रश्न त्यांना विचारायला लागलो. एकदा मध्येच थांबून म्हणाले, "मी साहेब नव्हतो रे."

"माहीत आहे, आजोबा."

"बरं. मग पुढचं ऐक."

असे अकरा फोन माझ्याकडे आहेत. मी परत येण्याच्या तीन महिने आधी ते गेले. पहिला फोन रेकॉर्ड केला नव्हता. हाताच्या पाठीचा तो आवाज माझ्याकडे नाही.

आता मी बडोद्यातच आहे. डभोईवरून ब्रॉडगेज गाडी एकतानगरला जाते, आणि बैलांची गाडी ही मुलांना थाप वाटते. म्हणून महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चार-पाच जण, जमेल तितकी मुलं घेऊन, प्रतापनगरचं रेल्वे संग्रहालय पाहायला जातो. आमची ना संस्था, ना वर्गणी. बरोबर निवृत्त झालेले एक-दोन काका असतात. मुलं इंजिनावर हात ठेवतात, काका बोलतात, एकजण मोबाइलवर रेकॉर्ड करतो, एकजण घरी जाऊन ते उतरवून काढतो. मग सगळे मिळून शेव उसळ खातो. मागच्या वेळी एका काकांनी पाचवीतल्या मुलीला वाकून चाकाचा आवाज ऐकायला लावला. तिने लगेच विचारलं, "हे फुटकं की चांगलं?" काका एकदम खुलले.

तुमच्या घरी, शेजारी असं कुणी असेल तर एक अनुभव सांगतो. "तुमच्या आठवणी सांगा" असं विचारू नका. माणूस गप्प होतो. "कामावर पोचल्यावर पहिली वस्तू कोणती हातात घ्यायचात?" असं विचारा. आणि रेकॉर्डिंग पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, आधी त्यांना सांगून. इंदूरला, ग्वाल्हेरला, जिथे जिथे संस्थानी काळापासून रेल्वे आहे, तिथे आपल्या मराठी घरांतून कुणी ना कुणी रेल्वेत होतंच. कुणी साहेब, कुणी फिटर.

पुढचा रविवार कधी हे ठरलं की कळवतोच. बूट जाड घाला.