घोडे कुठे पेंड खाते?

जानेवारी सरला, रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक उतरले आणि दरवर्षीप्रमाणे यंदाही त्या साऱ्या उपदेशात घोड्याचा विषय निघाला नाही. हेल्मेट घाला, सीटबेल्ट लावा, मोबाइल खिशात ठेवा, सारे सांगून झाले. राज्याच्या वाहतूक पोलिसांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दुचाकीवर मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरही हेल्मेट नसेल तर कारवाईचा आदेश काढला आणि त्यावर जी ओरड झाली ती वाचकांच्या लक्षात असेल. म्हणजे दुचाकीवरची दोन्ही डोकी सरकारने मोजली. पण नगरच्या केडगाव बायपासवरून पहाटेच्या अंधारात पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघालेली मेंढपाळाची घोडी, पुणे रस्त्यावरच्या लॉन्ससमोर डीजेच्या भिंतीपुढे उभी केलेली नवरदेवाची घोडी आणि येत्या १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या मिरवणुकीत जिरेटोप घातलेल्या सहा-सात वर्षांच्या पोराला पाठीवर घेणारा घोडा, या तिघांबद्दल एकाही खात्याला काही म्हणायचे नाही. आमचे म्हणणे साधे आहे. घोडा रस्त्यावर आहे हे आधी मान्य करा. तो आजही आहे, उद्याही राहणार आहे आणि त्याच्यावर बसलेला किंवा त्याचा लगाम धरून चाललेला माणूस हा मोटारीतल्या माणसाइतकाच रस्त्याचा हक्कदार आहे.

केडगावकरांना हे वेगळे सांगायला नको. पुण्याहून नगरात येणारी सगळी वाहतूक याच गावाच्या छातीवरून कायनेटिक चौकाकडे जाते. दौंडकडचा रस्ता इथेच येऊन मिळतो. नेप्तीच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव असले की ट्रक आणि पिकअपची रांग वेगळी, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या वेगळ्या, आणि नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला पायी येणाऱ्यांची रीघ वेगळी. त्यात मंगल कार्यालये आणि लॉन्स नेमकी हमरस्त्यालाच तोंड करून बांधलेली. केडगावचे उपनगर झाले, महापालिका आली, रस्त्याची रुंदी आणि गाड्यांचा वेग दोन्ही वाढले. रस्ता वाढवताना मात्र त्यावरून आधीपासून कोण चालत होते, याची चौकशी करावी असे कुणाला वाटले नाही.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसते. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचे आणि थेट शेपटीमागचे. मागून हॉर्न दाबत येणारी गाडी त्याला आधी ऐकू येते, मग अचानक डोळ्याच्या कोपऱ्यात उगवते आणि तो बुजतो. बुजलेला घोडा आडवा उडी घेतो, आणि ती उडी बहुतेक वेळा रस्त्याच्या मधोमध पडते. नाल मारलेले खूर गुळगुळीत डांबरावर किंवा काँक्रीटवर घसरतात. स्वार अडाणी असेल तर तो तोल सावरायला लगाम ओढतो, त्याने जनावर आणखी बिथरते. रिकिबीत पाय अडकला तर फरफट ठरलेली. आता गाडीच्या बाजूने पाहा. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदाला २२ मीटर अंतर तोडते. चालकाला दिसून, कळून, ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड-दोन सेकंद, म्हणजे तीस-चाळीस मीटर, गेलेले असतात. प्रत्यक्ष थांबायला जवळपास तेवढेच पुन्हा लागतात. खाली केलेल्या दिव्यांच्या उजेडात काळ्या-तांबड्या अंगाचे जनावर तितक्या लांबून दिसतच नाही. मोटारीची धडक घोड्याच्या पायांना बसते आणि दोन-तीनशे किलोचे धड बॉनेटवरून समोरच्या काचेवर येते. तेव्हा हा प्रश्न घोडेवाल्याचा आहे, आपल्याला काय त्याचे, असे मानणाऱ्या मोटारवाल्यांनी निदान स्वतःच्या काचेचा विचार करावा.

मेंढपाळ, नवरदेव आणि मिरवणुकीतले पोर या तिघांत सर्वात जास्त धोका मेंढपाळाला आहे आणि सर्वात कमी बोलले जाते तेही त्याच्याचबद्दल. पारनेर आणि नगर तालुक्यांतले धनगर वाडे पावसाळा सरला की चाऱ्यासाठी बाहेर पडतात आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की परततात. पुरुष मेंढरांबरोबर, घोडी बायकांच्या हाती. घोड्याच्या पाठीवर वाघर, भांडी, पीठ, अंथरुणे, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि पुष्कळदा एखादे लेकरू. ऊन चढायच्या आत मुक्काम गाठायचा म्हणून वाट धरायची ती पहाटे, म्हणजे रात्रभर गाडी हाकून चालकाचे डोळे जड झालेले असतात त्याच वेळी. हे घोडे बहुतांशी भीमथडीचे. याच भीमथडी घोड्याला अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा मराठी फौजांच्या पराक्रमाची उजळणी करणारी भाषणे झाली. ती जात टिकवली कोणी? सरकारने नाही, या वाड्यांनी टिकवली. जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव दिले, चौंडीला मंत्रिमंडळाची बैठक भरवली, महामेष योजनेतून मेंढ्या वाटल्या. या सगळ्यात घोडीच्या खोगिरावर बांधायला एक चमकपट्टी द्यावी, हे कुणाला सुचले नाही. उसाच्या ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम दर हंगामात होते, कारण तिथे कान धरायला कारखाना असतो. मेंढपाळाला कारखाना नाही, संचालक मंडळ नाही, आणि तो ज्या गावातून जातो तिथे त्याचे मतही नाही.

वरातीची गोष्ट निराळी. इथे दया दाखवण्याचे कारण नाही. आयुष्यात कधी मांड न टाकलेला नवरदेव, डोळ्यांवर मुंडावळ्या, पुढ्यात करवला म्हणून बसवलेले भाच्याचे पोर, आणि या दोघांची मदार एका हाताने लगाम धरलेल्या मोतद्दारावर. पुढे डीजे, बाजूला जनरेटर, पायाशी फटाक्यांची लड. त्या घोडीने शांत राहावे ही अपेक्षा, आणि राहिली नाही तर तिला मार. अर्धा रस्ता वरातीने अडवलेला, उरलेल्या अर्ध्यातून दोन्ही दिशांच्या गाड्या एकमेकींच्या अंगावर. ही आमची परंपरा आहे, असे कुणी म्हणेल. घोडी परंपरा असेल. डीजे आणि हमरस्ता नाही. गावात वरात मारुतीच्या पारापर्यंत जायची, राष्ट्रीय महामार्गापर्यंत नव्हे. बाशिंगावर हेल्मेट चढवायचे का, असा उपरोधिक सवाल येईल, त्यालाही उत्तर आहे. चढवू नका, वरात कार्यालयाच्या आवारात काढा. तिकीट लावून लॉन्समध्ये मोटारी उभ्या करायला जागा निघते, तर घोडीच्या दोनशे पावलांनाही निघेल.

याशिवाय आहेत ते हौशी. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या बाजारातून आणलेले उमदे जनावर बायपासवर चौखूर सोडायचे आणि शेजारून चाललेल्या मोटारसायकलवरून त्याची रील काढायची, हा नवा छंद आहे. घोडा सगळ्यांनाच हौस म्हणून हवा असतो असे नाही. नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने मार्च २०२१ मध्ये दुचाकीने पाठ दुखते म्हणून घोड्यावर येण्याची आणि तो आवारात बांधण्याची परवानगी मागितली होती. अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला विचारला गेला, तो प्रतिकूल आला आणि राज्याने पोट धरून हसून घेतले. घोडा कुठे बांधायचा आणि मणक्याचे काय होईल, यावर यंत्रणेने विचार केला. तो कार्यालयापर्यंत रस्त्याने सुखरूप येईल कसा, हे कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

कायदा नाही, ही सबब चालणार नाही. भारतीय न्याय संहितेचे २८१वे कलम सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला लागू होते तसेच बेदरकारपणे स्वारी करणाऱ्यालाही होते. ही तरतूद १८६०च्या दंडसंहितेपासून जशीच्या तशी चालत आली आहे. ताब्यातल्या जनावराबाबत हलगर्जी करणाऱ्याला २९१व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. म्हणजे रील काढणाऱ्याला आणि फटाक्यांपुढे घोडी नाचवणाऱ्याला आवरायला ठाणेदाराकडे साधने पुरेशी आहेत, मन नाही. दुसरीकडे, प्राण्यांना क्रूरपणे वागवणाऱ्याला १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज घोडीला पेंडीचा एक घास येत नाही. आणि त्याच कायद्याखालच्या १९६५च्या नियमांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा जास्त ओझे लादू नये, इतका बारकावा आहे. अंधारात त्या पाठीवर काही चमकणारे हवे, असे मात्र त्यात म्हटलेले नाही.

मग सरळ घोड्यांना रस्त्यावर बंदीच घाला, असे मोटारवाले म्हणतील. मुंबईत उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हौसेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तसे इथे करा म्हणतील. तो निकाल योग्यच होता. पण व्हिक्टोरिया ही चैन होती, तिला विजेवर चालणाऱ्या गाडीचा पर्यायही पुढे मिळाला. मेंढपाळाला कोणता पर्याय देणार आहात? घाटातून, पाणंदीतून आणि उभ्या रानातून त्याचे बिऱ्हाड टेम्पो नेणार नाही, आणि जुन्या वाटा महामार्गांनीच गिळल्या आहेत. दुसरा आक्षेप आकड्यांचा. असे अपघात होतात तरी किती? उत्तर कुणाकडेच नाही, कारण मोजायची सोय नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. हे आकडे देणाऱ्या सरकारी अहवालात पादचारी, सायकलस्वार, दुचाकीस्वार यांचे रकाने आहेत, घोडेस्वाराचा नाही. ज्याला रकाना नाही त्याचा प्रश्नही नाही, हे सरकारी गणित आता पुरे झाले. ब्रिटनने २०२२ मध्ये आपली वाहतूक संहिता सुधारली तेव्हा घोड्याजवळून जाताना वेग ताशी १६ किलोमीटरच्या आत आणि अंतर निदान दोन मीटर, असे स्पष्ट लिहिले. चौदा वर्षांखालच्या मुलांना रस्त्यावर घोड्यावर बसताना शिरस्त्राण सक्तीचे करणारा कायदा तर त्यांच्याकडे १९९० पासून आहे. आपल्याकडे लायसन्सच्या परीक्षेला बसणाऱ्या किती जणांना समोर जनावर आले तर हॉर्न न वाजवता वेग कमी करायचा असतो हे ठाऊक असेल?

आणि हे घोड्यापुरते थांबत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यातील घारगावजवळ, शिर्डीहून आळंदीला निघालेल्या दिंडीत कंटेनर घुसला आणि चार वारकरी गेले. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात जेसीबीने दिंडीला धडक दिली होती. वारकरी, मेंढपाळ, ऊसतोडणीची बैलगाडी, सायकलवरचा शाळकरी पोरगा, हे सगळे आमच्या महामार्गांच्या आराखड्यात अडथळे म्हणून येतात, वापरणारे म्हणून येत नाहीत. चौपदरी रस्ता आखताना उड्डाणपुलाचे, टोलनाक्याचे, झाडांच्या तोडीचे हिशेब होतात. कडेला मातीची रुंद वाट ठेवली तर जनावर डांबरावर येणारच नाही, हे बांधकाम खात्याच्या अभियंत्याला कळत नाही असे नाही. त्या वाटेचे कंत्राट मोठे नसते, एवढेच.

करायचे ते फार नाही. पशुसंवर्धन खात्याने मेंढ्यांच्या लसीकरणाबरोबर प्रत्येक वाड्याला चमकपट्ट्या आणि पाठीवर लावायचा लाल दिवा द्यावा. काहीशे रुपयांचे काम आहे. वाडे निघण्याच्या आणि परतण्याच्या दिवसांत बायपासवर पहाटेची गस्त आणि वेगमर्यादेचे फलक लावावेत. महापालिकेने वरातीच्या घोड्यांची नोंदणी करावी आणि हमरस्त्यावर वरात काढू देणाऱ्या कार्यालयाचा परवाना रोखावा. परिवहन विभागाने आपल्या परीक्षेत जनावरांविषयी दोन प्रश्न घालावेत. यातल्या एकाही गोष्टीला मंत्रालयाची फाइल लागत नाही. केडगावच्या शिवजयंती मंडळांनी तर कुणाची वाटच पाहू नये. मुलाला घोड्यावर बसवणार असाल तर जिरेटोपाखाली शिरस्त्राण घाला, लगामाच्या दोन्ही बाजूंना जाणता माणूस ठेवा, डीजे घोड्यापासून लांब ठेवा, आणि मिरवणूक पुणे रस्त्यावर न नेता भूषणनगर, शाहूनगरच्या आतल्या रस्त्यांवरूनच फिरवा.