माळ्यावरच्या सामुराईसाठी

निन्टेंडोचे जुने आठ-बिट गेम संगणकावर चालवणारा मेसेन नावाचा एक प्रोग्रॅम आहे. मूळ यंत्राचं वागणं तो फार काटेकोरपणे उभं करतो. आपल्याला हवं ते यंत्र निवडायला त्यात एक यादी आहे. एनटीएससी म्हणजे जपान-अमेरिकेतलं, पाल म्हणजे युरोपातलं, आणि तिसरं डेंडी. डेंडी हा डिसेंबर १९९२मध्ये स्टीपलर या रशियन कंपनीने बाजारात आणलेला व्हिडिओ गेम. निन्टेंडोच्या फॅमिकॉम या मूळ जपानी यंत्राची ती बिनपरवाना तैवानी नक्कल होती. पण तिकडच्या हौशी लोकांनी ती सांभाळली, खोलली, तिच्या सर्किटची मापं घेतली. आज जगात कुणालाही हा तिसरा प्रकार हवा असेल, तर त्याला रशियन मुलांच्या यंत्राचं नाव घ्यावं लागतं.

याच कुळातली यंत्रं नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत होती. सामुराई, मीडिया, लिटिल मास्टर. दिवाळीच्या बोनसमधून आलेली, नाहीतर गल्लीतल्या दुकानातून तासाच्या भाड्याने आणलेली. चौकोनी पिवळ्या कॅसेटी, ‘९९९९९९९ इन १’ अशी लेबलं, आणि आत तेच दहा-बारा गेम पुन्हा पुन्हा. मारिओ, काँट्रा, डक हंट. या यंत्रांचं नाव अशा कुठल्याच यादीत नाही, आणि आपण असेच बसून राहिलो तर पुढेही येणार नाही. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. ही यंत्रं मी गोळा करते, दुरुस्त करते आणि वापरते. त्यांच्या आत जे आहे ते अभियंत्याच्या नजरेने पाहिलं, तर ‘नक्कल’ हा शब्द अपुरा पडतो. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रं दाखवणारा. जपानी गेम ६० चित्रांच्या हिशेबाने लिहिलेले. जपानी यंत्र एका चित्राला २६२ रेषांचा वेळ घेतं, पाल टीव्हीला ३१२ रेषांचा लागतो. मधल्या ५० रेषांचा वेळ घालवायचा कुठे? निन्टेंडोने युरोपसाठी जी चिप केली, तिच्यात तो अशा ठिकाणी पडला, आणि प्रोसेसरचा वेगही असा बदलला, की कित्येक जपानी गेम तिच्यावर नीट चालत नाहीत. तैवानच्या यूएमसी या चिप कंपनीने यूए ६५२७ पी आणि यूए ६५३८ ही जोडी बनवली. तिच्यात या रिकाम्या रेषा अगदी नेमक्या जागी बसवल्या. गेमला वाटतं आपण जपानी यंत्रावरच चालतोय, आणि टीव्हीला त्याची पाल मिळते. किंमत एकच, सगळं एक षष्ठांश हळू होतं. ही जोडी असलेल्या यंत्रावर ज्यांनी मारिओ खेळला, त्यांचा मारिओ जपानी मुलांच्या मारिओपेक्षा हळू धावत होता आणि त्याचं संगीतही संथ वाजत होतं. त्या पिढीच्या बोटांना उडी मारायची जी वेळ पाठ आहे, ती या चिपची आहे. मूळ जपानी फॅमिकॉम विकत घेऊन ती परत मिळणार नाही.

तरीही आपले बहुतेक संग्राहक जपानी यंत्रामागेच असतात. मलाही फॅमिकॉम प्रिय आहे. १५ जुलै १९८३ला १४,८०० येनला विक्रीला आलेल्या त्या लाल-पांढऱ्या डब्याची रचना आजही शिकण्यासारखी आहे. ती घडवणारे मासायुकी उएमुरा पुढे क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवत होते आणि तिथल्या गेम-अभ्यास केंद्राचे प्रमुख होते. म्हणजे त्या यंत्राची काळजी घेणारं विद्यापीठ त्याच्या मायदेशात आहे. मीडियाची आणि लिटिल मास्टरची काळजी कोण घेणार? पुण्याच्या जुन्या बाजारात ती अजून अधूनमधून दिसतात. वायर गुंडाळलेली, रिमोट एकच शिल्लक. भंगारवाल्याच्या लेखी ते प्लॅस्टिक आणि तांबं आहे, किलोवर जाणारं.

दुरुस्तीला हे यंत्र फार उदार आहे. रिमोटच घ्या. आठ बटणं, पण सर्किटला जेमतेम पाच तारा. ४०२१ नावाची एक चिप आठही बटणांची स्थिती एका क्षणी टिपून घेते आणि मग एकेक करून यंत्राकडे पाठवते, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं, याच क्रमाने. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिफ्ट रजिस्टर शिकवायला याहून चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही. ही चिप आजही बनते आणि पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहज मिळते. रिमोट बंद पडतो तो मुख्यतः दोन कारणांनी. वायर डब्यात शिरते तिथे वाकून वाकून आतून तुटते. तेवढा तुकडा कापून नवे डाग दिले की झालं. नाहीतर बटणाखालच्या रबरावरचा कार्बन मळतो किंवा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की बहुतेक बटणं परत बोलू लागतात. कॅसेटचंही तेच. आपण सगळे तिच्यात फुंकर मारायचो. काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतली ओल तर पट्ट्या गंजवत होती.

या उदारपणाला एक मर्यादा आहे. पुढे पुढे खर्च वाचवण्यासाठी सगळं सर्किट एकाच चिपमध्ये आलं आणि तिच्यावर काळ्या इपॉक्सीचा थेंब ओतला गेला. तो थेंब मेला की मेला. म्हणून सुट्या, पाय असलेल्या चिपांचे जुने बोर्ड आज सगळ्यात मोलाचे आहेत. असा बोर्ड धूळ बसलेला असो, एखादा कंडेन्सर फुगलेला असो, ते सगळं बदलता येतं.

यंत्रात फेरफार करावेत का, यावर माझं मत ठाम आहे. जुन्या फॅमिकॉमला टीव्हीच्या अँटेनातूनच चित्र द्यावं लागतं. त्याच्या चित्र-चिपच्या २१व्या पायावरून सिग्नल घेऊन, एक ट्रान्झिस्टर आणि दोन-चार रेझिस्टर लावून सरळ व्हिडिओची पिन काढता येते. हा फेरफार मी आनंदाने करते, कारण मूळ बोर्ड जागेवर राहतो आणि उद्या कुणाला वाटलं तर सगळं पूर्ववत करता येतं. पण चालू बोर्ड उपटून टाकायचा, डब्यात रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक बसवायचा आणि हजारो गेम भरून ‘रेट्रो’ म्हणून विकायचं, हे मला मान्य नाही. त्या डब्यात सामुराईचं काहीच उरत नाही. बोर्ड खरोखर मेलेला असेल तर खुशाल करा. मात्र काढलेला बोर्ड फेकू नका, त्यावरचा एखादा भाग दुसऱ्या यंत्राला जगवेल.

चोरीचा माल कशाला जपायचा, असं मला विचारतात. प्रश्न योग्य आहे. कॅसेटमधले गेम बिनपरवाना होते आणि मूळ कंपन्यांचे हक्क आजही अबाधित आहेत. त्यांच्या नव्या प्रती काढून विका असं मी म्हणत नाही. पण १९९५मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगाचं यंत्र अधिकृतपणे भारतात आणलं, तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. त्या काळी तेवढे पैसे खेळण्यावर खर्च करणारी घरं किती? आपल्या मुलांनी संगणकासारख्या वस्तूला पहिला हात लावला तो या स्वस्त नकलांच्या रूपाने. ही घडलेली गोष्ट आहे आणि तिची नोंद व्हायला हवी. पुण्याचे संग्राहक दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे आणि दौती जमवल्या, त्या राजवाड्यांतून आल्या म्हणून नव्हे. रोजच्या वापरातली कारागिरी डोळ्यांदेखत नाहीशी होत होती म्हणून. आज त्यांचं संग्रहालय लोक आवर्जून पाहायला जातात. नव्वदच्या दशकातल्या मध्यमवर्गीय घराची वस्तू म्हणून एक चालू स्थितीतला सामुराई तिथे, किंवा दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात, का नसावा?

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक पॉलिटेक्निकने आणि आयटीआयने असली चार यंत्रं मिळवावीत आणि मुलांकडून दुरुस्त करून घ्यावीत. संग्राहकांनी जपानी डब्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातले थोडे इथल्या यंत्रांवर खर्च करावेत. आणि ज्यांच्या माळ्यावर असं यंत्र आहे त्यांनी ते खाली काढावं, स्क्रू काढून आतल्या बोर्डचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावेत, चिपांवरचे आकडे लिहून ठेवावेत, खोक्यावर दुकानाचा शिक्का किंवा आत पावती असेल तर तीही. कधी, कुठे, केवढ्याला घेतलं, हे घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारावं. घाईने चालू मात्र करू नये. फॅमिकॉमच्या आणि त्याच्या पुष्कळशा नकलांच्या अ‍ॅडॅप्टरच्या पिनमध्ये ऋण टोक आत असतं आणि धन बाहेर, आजच्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरांच्या नेमकं उलट. हाताला लागेल तो अ‍ॅडॅप्टर लावला, तर तीस वर्षं टिकलेलं यंत्र क्षणात जळू शकतं. आधी मल्टिमीटरने तपासा, किंवा जवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे न्या. त्यांच्यातल्या जुन्या माणसांना हे बोर्ड अजून ओळखता येतात.